रोजच्या खिशातला घडीचा चाकू: सेबेंझा, एक्सएम-१८, पॅरामिलिटरी २ की बगआउट?

प्रश्न असा आहे: रोज जवळ बाळगायला एकच उंची घडीचा चाकू घ्यायचा आहे. यादीत चार नावं आहेत. क्रिस रीव्हचा सेबेंझा ३१, रिक हिंडररचा एक्सएम-१८, स्पायडर्कोचा पॅरामिलिटरी २ आणि बेंचमेडचा बगआउट. कामं म्हणाल तर कुरिअरची खोकी, सुतळी-दोर, फळं, बागेतली बारीकसारीक छाटणी. राहणं पुण्यात, पण पावसाळ्यात बरेच दिवस कोकणात. पैसे मोजायची तयारी आहे, फक्त ते कशाचे मोजतोय हे कळायला हवं.

उत्तर आधी, कारणं नंतर. या कामांना मॅग्नाकट पोलादाचं पातं असलेला लहान सेबेंझा ३१ सर्वांत योग्य. तेवढे पैसे घालायचे नसतील तर पॅरामिलिटरी २ ची मॅग्नाकटमधली ‘सॉल्ट’ आवृत्ती घ्या. वजन हाच मुख्य मुद्दा असेल तर बगआउट. एक्सएम-१८ या यादीतून काढून टाका. चाकू उत्तम आहे, पण तुमच्या कामाचा नाही.

महागडा चाकू जास्त चांगला कापतो, ही पहिली समजूत सोडून द्या. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबरचा चाकू या चारांच्या पुढे अगदीच स्वस्त आहे. त्याचं पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ असतं आणि सफरचंद तो सेबेंझापेक्षा सहज कापतो. मग साडेचारशे-पाचशे डॉलर कशाला? तर जोडकाम, लॉक, गंजाला टिकाव आणि दुरुस्तीची सोय यांसाठी. ओपिनेलची लाकडी मूठ पावसाळी हवेत फुगते आणि पातं खाचेत इतकं घट्ट बसतं की नखाने निघत नाही. सेबेंझाची टायटॅनियमची मूठ फुगत नाही, गंजत नाही, आणि चाकू पूर्ण खोलून धुऊन पुन्हा जोडला तरी पातं आधीसारखंच फिरतं. पैसे आहेत ते याचे.

कापणं ठरतं पात्याच्या आकारावर. विक्रेते पाठीची जाडी सांगतात, पण खरा आकडा असतो धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वरच्या जाडीचा. डिजिटल कॅलिपरने तो मोजता येतो. ०.२५ ते ०.३५ मिमी असेल तर चाकू लोण्यातून गेल्यासारखा जातो, पण हाड, तार किंवा स्टेपलची पिन लागली तर टवका उडू शकतो. ०.५ ते ०.६ मिमी ही रोजच्या सरमिसळ कामांची जाडी. ०.८ च्या वर गेलं की गाजर कापलं जात नाही, तडकतं. तिथे पोलाद कोणतंही असो, फरक पडत नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही हा आकडा थोडा वेगळा निघतो, म्हणून शक्य असेल तर विक्रेत्याकडून मोजून घ्या.

पाठीची जाडी गौण असली तरी खोल कापताना तीच आडवी येते. एक्सएम-१८ ची पाठ चार मिमीच्या आसपास. पॅरामिलिटरी २ आणि मोठा सेबेंझा साधारण साडेतीन मिमी, लहान सेबेंझा तीन, बगआउट सव्वादोनच्या जवळ. एक्सएम-१८ चे कर्ते हिंडरर अग्निशमन दलात होते आणि चाकूची घडण तशीच आहे: जोर लावा, पिळा, हातमोजे घालून उघडा. ओहायोत आगीच्या बंबावर ही जाडी कामाची आहे. पुण्यात पेरूच्या फोडी करायला ती अडचण आहे, आणि साडेतीन इंची मॉडेलचं सुमारे १६० ग्रॅम वजन सुती पॅंटच्या खिशात दिवसभर जाणवतं. तुलनेला मोठा सेबेंझा सुमारे १३५ ग्रॅम, पॅरामिलिटरी २ सुमारे ११०, लहान सेबेंझा ८५ आणि बगआउट फक्त ५२.

सेबेंझाचं पातं दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेलं असतं. धारेपाशी ते पातळ राहतं, पण पाठीकडे जाडी एकदम वाढते. कागद, दोर, सालं यांत ते सुरेख चालतं. कलिंगड किंवा जाड तिहेरी पुठ्ठा आला की अर्ध्यावर पाचरीसारखं अडतं. पॅरामिलिटरी २ चं पातं पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरतं, म्हणून खोल कापायला तो सेबेंझाहून सरस आहे. मात्र त्याचं टोक फार निमुळतं आहे. बरणीचं झाकण उचकटायला किंवा खोक्याची पट्टी उपटायला ते वापरलं की दोन-तीन मिमी टोक गेलंच म्हणून समजा. अशा कामाला एक छोटा चपटा स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा, चाकू नको.

आता पोलाद. यावर लोक सर्वांत जास्त वाद घालतात. कोकणातल्या मुक्कामामुळे तुमच्यासाठी तो खरंच महत्त्वाचा आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या क्रूसिबल कंपनीने एस३०व्ही आणलं. त्यात कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. ते घडवताना क्रिस रीव्हसारख्या चाकू करणाऱ्यांचा सल्ला घेतला होता. २००९ मध्ये एस३५व्हीएन आलं. त्यात व्हॅनेडियम कमी करून थोडं नायोबियम घातलं, म्हणजे धार लावायला थोडं सोपं आणि टवके उडायला थोडं कठीण. ऑस्ट्रियातल्या ब्योलर कंपनीच्या एम३९० मध्ये क्रोमियम तब्बल २० टक्के आणि कार्बन १.९. धार खूप टिकते, पण चिवटपणा कमी.

क्रोमियमचा नुसता आकडा पाहून गंजाचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. गंजापासून वाचवतं ते पोलादात विरघळलेलं, मोकळं क्रोमियम. कार्बनशी जुळून कार्बाइड नावाच्या कठीण कणांत अडकलेलं क्रोमियम त्या कामाचं नसतं. एस३०व्ही आणि एम३९० मध्ये बराच हिस्सा असा अडकतो. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी २०२१ मध्ये आणलेल्या मॅग्नाकटमध्ये क्रोमियम जेमतेम पावणेअकरा टक्के आहे, पण उष्णोपचारानंतर (पातं तापवून-थंड करून कडक केल्यावर) क्रोमियमचे कार्बाइड जवळपास उरतच नाहीत. झीज सोसायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बारीक कण करतात आणि क्रोमियम गंज रोखायला मोकळं राहतं. म्हणून १४ टक्क्यांच्या एस३५व्हीएनपेक्षा ते खारी हवा, घाम आणि कैरीचा आंबटपणा चांगला सोसतं, आणि चिवटपणातही पुढे आहे. इतक्या गोष्टी एकाच पोलादात क्वचित जमून येतात. तुमच्यासाठी माझा आग्रह त्यामुळेच आहे.

उष्णोपचार चुकला तर हे सगळं वाया. मॅग्नाकट ६२ ते ६४ रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) खुलतं. ६० ला ठेवलेलं मॅग्नाकट धार टिकवण्यात एस३५व्हीएनच्या पुढे फारसं जात नाही. एम३९० साठी ६० ते ६२ हवं, पण बरेच उत्पादक ते ५८-५९ वर सोडतात, कारण मऊ पातं कारखान्यात घासायला सोपं पडतं. पोलादाच्या नावासोबत कडकपणाचा आकडा छापणारी कंपनी त्यातल्या त्यात विश्वासाची.

लॉकबद्दल, म्हणजे उघडं पातं अचानक मिटू न देणाऱ्या रचनेबद्दल, तीन वेगळ्या वाटा आहेत. सेबेंझा आणि एक्सएम-१८ मध्ये मुठीचीच एक बाजू स्प्रिंगसारखी आत येऊन पात्याच्या बुडाला टेकते. १९९० च्या सुमारास ही रचना क्रिस रीव्ह यांनी सेबेंझात आणली. पुढे तिचं अनुकरण इतकं झालं की आता ती सर्वत्र दिसते. तिची कमजोरी म्हणजे टायटॅनियम मऊ असतं आणि पोलादाला चिकटतं. मग लॉक सोडताना अंगठ्याला ‘चिकट’ लागतो, किंवा वर्षानुवर्षांत लॉक सरकत पलीकडच्या बाजूला जातो. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ३१ मध्ये यावर सिरॅमिकची गोळी बसवली आहे. तीच गोळी बंद पात्याला धरून ठेवते आणि उघड्या पात्याला टेकाही देते. पोलादाशी घासतं ते सिरॅमिक, त्यामुळे चिकटणं आणि झीज दोन्ही जवळजवळ थांबली. दुसऱ्या कंपन्यांचे या जातीचे चाकू पाहताना लॉक पात्याच्या बुडाच्या किती भागावर टेकतो ते बघा. ३० ते ५० टक्के उत्तम. नवा असतानाच ८० टक्के गेला असेल तर परत करा. नवीन चाकूचा लॉक चिकटत असेल तर पात्याच्या बुडाला मऊ पेन्सिलचं शिसं घासा, तात्पुरता मोकळा होतो. शंभर-दोनशे उघडझापीनंतरही चिकटतच राहिला तर जोडकामातच दोष आहे.

पॅरामिलिटरी २ चा लॉक पाठीच्या बाजूला असतो. पोलादाची पट्टी पात्याचं बूड आणि थांब-खिळा यांच्यामध्ये शिरते. बंद करताना बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने चारांत हीच रचना मला सर्वांत शहाणी वाटते. बगआउटमध्ये आडवा दांडा दोन अत्यंत बारीक तारेच्या स्प्रिंगवर मागे-पुढे सरकतो. डावखुऱ्यांना आणि उजव्यांना सारखाच, एका हाताने बंद करायला सगळ्यात सोपा. पण त्या तारा तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर चाकू चालतो, फक्त एका बाजूने ढिला वाटतो. तसं वाटलं की वापर थांबवा आणि जोडी बदला. भारतात बसून ती जोडी मिळवणं हीच अडचण, म्हणून बगआउट घेतलात तर सुट्या स्प्रिंगची एक जोडी सोबतच मागवून ठेवा. शिवाय त्याची प्लॅस्टिकची मूठ मुठीत आवळली की किंचित दबते. लॉकच्या मजबुतीवर परिणाम होत नाही, पण या किमतीला काहींना ते पटत नाही.

लॉक कोणताही असो, पात्याची पाठ टेबलावर आपटून तपासू नका. बोटं वाटेबाहेर ठेवून पाठीवर अंगठ्याने सावकाश दाब द्या, एवढं पुरे.

देखभालीत सेबेंझा इतरांच्या खूप पुढे आहे. पात्याच्या आसाभोवती अचूक मापाची नळी बसवलेली आहे. स्क्रू त्या नळीला टेकेपर्यंत पूर्ण आवळायचा, बस. पाव फेरी इकडे-तिकडे करत बसायला नको. षटकोनी किल्ली कंपनीच देते आणि मालकाने चाकू खोलावा अशीच अपेक्षा ठेवते. पूर्ण आवळल्यावर पातं जड फिरत असेल तर आत घाण आहे किंवा ब्रॉंझची चकती वाकली आहे. स्क्रू सैल करून तो दोष झाकू नका. बगआउटसारख्या साध्या आसाच्या चाकूत मात्र ताण हाताने जुळवावा लागतो. आधी पातं अडेल इतपत आवळा, मग अगदी थोडं थोडं सैल करत जा आणि पातं बाजूला डगडगायच्या आत थांबा. मग मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) टाचणीच्या टोकाएवढं लावा. लाल लावलंत तर पुढच्या वेळी स्क्रू निघणार नाही. आधीच लावलेलं असेल तर सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूवर अर्धा मिनिट टेकवा, मग फिरवा. स्वस्त किल्लीसंचातली टोकं खाचेत सैल बसतात आणि छोट्या स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून टाकतात. एक चांगल्या प्रतीचा बिट घ्या, तो चाकूहून कितीतरी स्वस्त आहे.

कोकणातल्या पावसात दर पंधरवड्याला चाकू खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळवा. टायटॅनियमला काही होत नाही. पण ब्रॉंझच्या चकत्यांवर हिरवट कळंक धरतो आणि पोलादी स्क्रूंवर आधी तांबूस ठिपके येतात. चकतीला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. तेल वापरायचं तर शिवणयंत्राचं पातळ तेल आसाला एक थेंब. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल कधीच नको, ते हवेने घट्ट होऊन राळेसारखं चिकटतं. खोबरेल थंडीत गोठतं, त्यामुळे तेही आसात नको. पात्यावर, फळं कापणार असाल तर, खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा नुसता पुसट हात फिरवा. आंब्याचा चीक पाण्याने निघत नाही, अल्कोहोलच्या बोळ्याने निघतो. कैरी, लिंबू, कोकम कापल्यावर पातं लगेच धुवा. मॅग्नाकट असलं तरी ही सवय सोडू नका.

धार लावताना सर्वांत मोठी चूक साधन निवडण्यात होते. व्हॅनेडियमचे कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाहून कठीण असतात. साधा दगड त्यांच्या भोवतीचं पोलाद झिजवतो, कण तसेच उभे राहतात, आणि धार मनासारखी येत नाही. यासाठी हिऱ्याची प्लेट हवी: एक ४०० ची आणि एक १००० ची (आकडा मोठा तितकी प्लेट बारीक), खांडं बुजवायची वेळ आल्याशिवाय त्याहून भरड नको. धारेवर मार्करने काळं फासा आणि दर बाजूला १५ ते १७ अंशांत हलक्या हाताने फिरवा. काळा रंग धारेच्या अगदी कडेपर्यंत पुसला जात असेल तर कोन बरोबर. फक्त वरच्या खांद्यापाशी पुसला जात असेल तर पाठ थोडी उचला. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड वळून येते, तिला बर म्हणतात. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग जाणवली की बाजू बदला. मग दाब कमी करत एकेक आलटून पालटून फेरे. शेवटी एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावलेल्या चामड्यावर दर बाजूला दहा-बारा ओढी, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून.

धार लावल्यावर कागद सपासप कापला गेला आणि दोन खोक्यांनंतर चाकू बोथट झाला, ही तक्रार जवळजवळ नेहमी राहिलेल्या बरची असते. ती आधी धारदार भासते आणि मग मोडून पडते. पोलाद बदलायची गरज नसते, शेवटचे हलके फेरे वाढवावे लागतात. दोर आणि टोमॅटोसाठी ६०० च्या आसपासची खरबरीत धार चांगली, लाकूड तासायला गुळगुळीत. कारखान्याची मूळ धार पट्ट्यावर तापून कधी थोडी मऊ झालेली असते, म्हणून पोलादाची खरी पारख दोन-तीनदा धार लावल्यानंतर होते. आणि सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे हे चाकू देऊ नका. कोरड्या दगडावर ठिणग्या उडतात आणि धारेची कड निळी पडते. तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग तेवढं पातं घासून काढून टाकण्याखेरीज इलाज नाही.

कायद्याबद्दल. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची धारदार शस्त्रं येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक वापराची हत्यारं वगळली आहेत. तुमच्या यादीतला कुठलाच चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्या कलमात सुऱ्यांचा उल्लेख स्पष्ट आहे. आदेश लागू असताना चाकू घरी ठेवा. विमानात तो फक्त चेक-इनच्या बॅगेत. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खटक्याचा रामपुरी येतो, म्हणून चार माणसांत तो फट्‌कन उघडू नका, दोन्ही हातांनी सावकाश उघडा. परदेशात नेणार असाल तर नियम फार कडक आहेत. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय फक्त लॉक नसलेला आणि तीन इंचांच्या आतला घडीचा चाकूच बाळगता येतो, म्हणजे हे चारही बाद. तिथे स्पायडर्कोचा यूकेपीके चालतो. क्रिस रीव्हचा इम्पिंडा बिनलॉकचा असूनही तीन इंचांहून जरासा लांब असल्याने चालत नाही. जर्मनीत एका हाताने उघडणारा लॉकचा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगणं बेकायदा आहे.

नकली माल हा शेवटचा धोका. सेबेंझा आणि बगआउटच्या नकला भारतातल्या ऑनलाइन बाजारांत सर्रास येतात. तीन-चार हजारांत सेबेंझा मिळत नाही, एवढं पक्कं. मूठ लोहचुंबकाला चिकटली तर ती नक्कीच टायटॅनियम नाही. पण चिकटली नाही म्हणजे खरी असंही नाही, कारण बऱ्या नकलांतही टायटॅनियम असतं. अस्सल सेबेंझासोबत तो तयार झाल्याची तारीख असलेलं कार्ड येतं, पण कार्डाचीही नक्कल होते. भरवसा ठेवायचा तो अधिकृत विक्रेत्यावर. पार्सल आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एवढं करा: वजन करून कंपनीच्या आकड्याशी ताडा. पातं उघडून बाजूला आणि वर-खाली हलवून पाहा. बाजूला हलत असेल तर आसाचा प्रश्न, तो सुटतो. वर-खाली हलत असेल तर लॉकचा, आणि तो चाकू परत पाठवा. बंद स्थितीत पातं मधोमध नसून एका बाजूला झुकलेलं असेल आणि मुठीला घासत नसेल, तर ते फक्त दिसण्यापुरतं आहे.